शकूआत्याची वरात

जानेवारीतल्या एका रविवारी, अजून नीट उजाडलंही नव्हतं तेव्हा, मागच्या अंगणातल्या नळापाशी बाबा दात घासत उभे होते — अंगात बँडवाल्याचा लालभडक कोट, खांद्यांवर सोनेरी झालरी, छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा आणि पायांत निळ्या पट्ट्यांची रबरी स्लिपर. नाशकातली ती थंडी... नळाखाली धरलेली बोटं बधिर व्हायची, तोंडातून निघणारी वाफ बंबाच्या धुरात मिसळून जायची, आणि त्या धुराला त्या दिवशी डांबराच्या गोळ्यांचा नि जुन्या मखमलीचा एक अनोळखी वास येत होता. सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेले माझे बाबा, ज्यांनी शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा कधी उघडं ठेवलं नाही, ते चूळ भरून वळले, मला दारात पाहून क्षणभर ओशाळले आणि कोट काखेत जरा घट्ट होतोय असं काहीतरी पुटपुटले. मला हसू आलं नाही. रडू येत होतं. आणखी दोन तासांनी हाच कोट घालून ते भर रस्त्यानं चालणार होते, आणि त्यांच्याबरोबर मीही.

हे सगळं शकूआत्यामुळे झालं होतं.

शकूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि ताप उतरला तेव्हा दोन्ही पायांतला जीव निघून गेलेला होता — पोलिओ. मला आठवते ती तिच्या चाळिशीच्या उंबरठ्यावरची: ठसठशीत कुंकवाच्या जागी बारीकशी काळी टिकली, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, आणि हातानं पॅडल फिरवून चालवायच्या तीनचाकीमुळे पैलवानासारखे झालेले दंड. पंचवटीत दिंडोरी नाक्याजवळ आमचं घर होतं. घराच्या पुढच्या खोलीत तिचा पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. तिथल्या काचेच्या केबिनमध्ये सदैव एक उबट वास कोंडलेला असायचा — घामाचा, सुगंधी तंबाखूचा, कुणीतरी विसरून गेलेल्या मोगऱ्याच्या गजऱ्याचा. माणसं आत जाऊन दार ओढून घ्यायची आणि आपण काचेत आहोत हे विसरून रडायची, भांडायची, लाजायची. आणि आत्या बाहेर बसून लोकरीचं विणकाम करत असं दाखवायची, की तिला काही दिसतच नाही. लहानपणी मला वाटायचं, जगातली सगळी गुपितं आमच्या पुढच्या खोलीतून जातात आणि आत्या त्यांना वाट करून देते.

त्या डिसेंबरात एक दिवस दोन बायका आणि एक गृहस्थ बूथवर आले. फोन करायला नव्हे, आत्याला भेटायला. पोलिओनं पाय गेलेल्या मुलांना पायांना आधार देणारे कॅलिपर आणि तीनचाक्या मिळाव्यात म्हणून त्यांनी एक दौड ठरवली होती. दौड म्हणजे शर्यत नव्हे. निरनिराळी सोंगं घेऊन, घरच्या सगळ्यांना सोबत घेऊन, पंचवटीतल्या एका शाळेच्या मैदानापासून गोल्फ क्लबच्या मैदानापर्यंत पळत, चालत, हसतखेळत जायचं. जमलेल्या वर्गणीतून मुलांची सोय होणार होती. मंडळी मनानं चांगली होती, बोलणंही आर्जवी होतं. आत्यानं शेवटी मंचावर बसावं, पाहुण्यांच्या हस्ते शाल घ्यावी, लोकांना तिच्याकडे पाहून प्रेरणा मिळेल, असं त्यांचं म्हणणं होतं. आत्यानं त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि अंतर किती आहे ते विचारलं. तीन किलोमीटर, असं कळल्यावर ती म्हणाली, की मग आमच्या घराचं नाव धावणाऱ्यांत लिहा.

रात्री जेवताना तिनं सोंग कसलं घ्यायचं तेही जाहीर केलं. वरात. आपण वरात काढायची. तीनचाकीची घोडी करायची आणि घोडीवर ती स्वतः — नवरी नव्हे, नवरदेव.

आईचा हात भाकरीवरच थांबला. आई तशी आत्याच्या बाजूची. नणंद-भावजयीचं त्यांचं नातं भांडून भांडून घट्ट झालेलं होतं. पण हे तिला सोसवेना. आत्यासाठी कधी कुठलं स्थळ आलं नव्हतं, कुणी शोधलंही नव्हतं; आमच्या घरात त्या विषयावर एक झाकण होतं आणि ते कुणी उचलत नसे. आता तेच उचलून रस्त्यानं मिरवायचं? लोक हसतील, आणि न हसले तर कीव करतील, ते तर त्याहून वाईट — असं आई म्हणाली, आणि डोळे पुसायला चुलीवरच्या धुराचं निमित्त नसल्यानं तशीच उठून मोरीकडे गेली. आत्या शांतपणे ताक पीत राहिली.

"वहिनी, लोक माझी कीव रोजच करतात," ती म्हणाली. "एक दिवस हसू दे त्यांना. हसलेलं मला चालतं."

बाबा खाली बघून जेवत राहिले. बाबांचं आत्याच्या बाबतीत नेहमी असंच असे. लहानपणी ते तिला पाठुंगळीला घेऊन शाळेत नेत — पहिलीपासून आठवीपर्यंत, उन्हातान्हात, चिखलातून, एका खांद्यावर दोन दप्तरं अडकवून. मग ते पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेले, आणि तिला पाठीवर घेणारं घरात कुणी उरलं नाही, म्हणून नववीत आत्याची शाळा सुटली. ही गोष्ट आत्या कधी सांगत नसे, बाबा तर नाहीच. मला ती आईकडून कळली होती. पण तीनचाकीला कुठे जरासा चढ आला, की बाबांचा हात आपसूक तिच्या मागच्या दांडीवर जाई, आणि त्या हाताकडे पाहिलं की मला नेहमी वाटे, ते अजून तिला शाळेतच पोचवताहेत.

दोन दिवसांनी बाबा कचेरीतून आले ते थेट बूथमध्ये गेले आणि आत्याला म्हणाले, की वरातीला बँड लागेल. बस, इतकंच.

बँडचा प्रश्न रफिकभाईंनी सोडवला. रफिकभाई भद्रकालीतले बँडवाले; त्यांची म्हातारी आई मालेगावला असे आणि दर शुक्रवारी ते आमच्या बूथवरून तिला फोन करत. त्यांनी आधी आपली खरी घोडीच देऊ केली. आत्यानं नको म्हटल्यावर ते विचारात पडले, आणि मग घोडीचा सगळा साजच घेऊन आले — आरशांची झूल, रेशमी गोंडे, कपाळावरचा तुरा. त्या झुलीला वाळलेल्या गवताचा आणि जनावराच्या घामाचा असा काही उग्र, ऊबदार वास होता, की ती तीनचाकीवर पसरताच आमच्या घरात खरोखर एक घोडी येऊन उभी राहिल्यासारखं वाटलं. बाबांसाठी लाल कोट नि गळ्यात अडकवायचा ढोल त्यांनीच दिला, आणि ढोल कसा धरायचा तेही शिकवलं. "साहब, हाथ ढीला छोडो, फाइल पे शिक्का नहीं मारना है," असं ते बाबांना सारखं सांगत, आणि बाबा कचेरीतल्यासारखे मान डोलावत.

आईनं शेवटी हार मानली, पण अर्धवट नाही. वरात काढायचीच तर रीतसर काढायची, असं म्हणून तिनं ट्रंकेतून बाबांच्या लग्नातला मोतिया रंगाचा कोट काढला, आत्याच्या मापाचा करून दिला, स्वतःसाठी जांभळा शालू काढला आणि वरमाय होऊन बसली. मी करवली. मला परी व्हायचं होतं. वर्गातल्या मुलींनी भाड्याचे पंख आणले होते, चंदेरी काड्या आणल्या होत्या. माझ्या हाती आला तांब्याचा कऱ्हा — वर नारळ, पाच विड्याची पानं, आणि तो सांडू नको अशी ताकीद.

मैदानावर त्या सकाळी जणू सगळं जग सोंग घेऊन उतरलं होतं... द्राक्षांचा घड झालेलं एक अख्खं कुटुंब होतं, हिरवे फुगे अंगभर बांधलेलं. चार मावळे होते, एक जाडजूड कांदा होता, दाढीला कापूस लावलेले ऋषी होते. धुक्यातून उन्हाची तिरीप आली आणि झुलीवरचे आरसे लखलखले, तेव्हा सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. काजळानं काढलेल्या झुपकेदार मिशा, डोक्याला केशरी फेटा, कपाळाला मुंडावळ्या आणि हातपॅडलवर दोन्ही मुठी — आत्या अशी दिसत होती, की क्षणभर मीही तिला ओळखलं नसतं. लोक हसले. मोठ्यानं, मनापासून हसले, आणि आत्यानं दोन्ही हात जोडून वऱ्हाडाला करतात तसा नमस्कार केला. कुणीतरी विचारलं, नवरी कुठे आहे? आत्या म्हणाली, मांडवात असेल. नसली तर मिसळ खाऊन परत येऊ.

शिट्टी वाजली आणि सगळे निघाले. पळणारे पळाले, फुगे फुटले, मावळे बघता बघता दिसेनासे झाले. आमची वरात वरातीच्याच चालीनं निघाली. बाबा ढोल वाजवत होते — ढम्... ढम् ढम्... — अवघडून, खाली बघत, पण वाजवत होते. आई डोक्यावरचा पदर सावरत खऱ्या वरमाईच्या तोऱ्यात चालत होती, आणि मी कऱ्हा छातीशी धरून पुढे.

मग होळकर पूल आला. पुलाच्या तोंडाशी वाहनं अडवून धरली होती, आणि त्या गर्दीत एका स्कूटरवर वडिलांच्या मागे माझ्या वर्गातली अनघा बसलेली मला दिसली. तिनं मला पाहिलं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. मी मात्र कऱ्हा अंगावर पांघरलेल्या शालीखाली लपवला, पावलं हळू केली, आधी झुलीच्या आड आणि मग पलीकडच्या पदपथावर, बघ्यांच्या गर्दीत शिरले. खाली गोदावरीवर धुकं पसरलं होतं, घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं, आणि मी त्या क्षणी कुणाचीच करवली नव्हते. रस्त्याच्या त्या बाजूनं माझेच आईबाबा, माझीच आत्या चालली होती, आणि ह्या बाजूनं मी, अनोळखी मुलगी होऊन चालले होते. परत जावंसं वाटत होतं, पण पाय वळत नव्हते.

पूल संपला की रस्ता रविवार कारंजाकडे चढू लागतो. रोज सायकलनं, रिक्षानं जाताना तो चढ जाणवतही नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो दिसला. आत्याची तीनचाकी आधी मंद झाली, मग जवळजवळ थांबली. बाकीची दौड केव्हाच पुढे निघून गेली होती. मागे उरलो होतो ते फक्त आम्ही. आत्या पॅडलचा अर्धा फेरा मारी, मग ते घट्ट धरून ठेवी, श्वास घेई... पुन्हा अर्धा फेरा. कोटाच्या बाह्या दंडांवर ताणल्या होत्या, काजळाच्या मिशा घामानं ओघळून हनुवटीवर आल्या होत्या. बाबांचा हात सवयीनं मागच्या दांडीकडे गेला. मी रस्त्याच्या पलीकडे होते, तरी मला ते शब्द लख्ख ऐकू आले, कारण ढोल थांबला होता आणि एकाएकी सगळीकडे शांत झालं होतं.

"दादा, हात काढ."

"शकू, मागे घसरेल."

"घसरू दे. मी धरीन."

बाबांनी हात काढला. तीनचाकी खरोखरच हातभर मागे आली. बाबा तेवढेच मागे सरले, पण त्यांनी हात पुढे केला नाही. चाक थांबलं. आत्यानं मान खाली घातली, फेटा कपाळावर घसरला, आणि पॅडल पुन्हा अर्धा फेरा फिरलं.

तेवढ्यात वर चौकात उभे असलेले हवालदार खाली आले. वाहनं बराच वेळ अडकली होती, कर्णे वाजू लागले होते. त्यांचंही काही चुकत नव्हतं. त्यांनी बाबांना सांगितलं, की बाईंना जरा ढकला आणि रस्ता मोकळा करा. बाबा काही बोलायच्या आत आई पुढे झाली — तीच आई, जिला लोकांच्या हसण्याची धास्ती होती — शालूचा पदर खोचून ती हवालदारांच्या समोर उभी राहिली.

"वरात आहे साहेब," ती म्हणाली. "मुलाकडची मंडळी आहोत. थोडं थांबावं लागेल."

हवालदारांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या मिशा ओघळलेल्या नवरदेवाकडे पाहिलं. मग ते वळले, रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. कर्णे एकेक करून थांबले.

मला काय झालं ते सांगता येणार नाही. मी पदपथावरून उतरले, रस्ता ओलांडला आणि घोडीच्या पुढे जाऊन उभी राहिले. शालीतून कऱ्हा बाहेर काढला. विड्याची दोन पानं चुरगळली होती. आत्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कुठे गेली होतीस, असं तिनं विचारलं नाही. धापांतून एवढंच म्हणाली, की करवलीनं सरळ बघून चालायचं असतं. मग मी सरळ बघून चालले. मागे साखळीची कुरकुर ऐकू यायची, थांबायची, पुन्हा ऐकू यायची, आणि तिच्यावरून मी माझं पाऊल मोजायची. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी होती, कुणी हसत नव्हतं, कुणी टाळ्याही वाजवत नव्हतं; एक म्हातारा फुलवाला मात्र उठून उभा राहिला होता. तो चढ किती वेळ चालला होता कोण जाणे. पण चौकात पोचून रस्ता सपाट झाला आणि चाकं आपसूक गरगरू लागली, तेव्हाचा तो आवाज मला अजून आठवतो — पाण्याला एकदम उतार मिळावा तसा.

पुढचं सगळं सोपं होतं. मेहेरच्या सिग्नलवरून, सीबीएस बसस्थानकावरून, एसटीच्या खिडक्यांतून डोकावणाऱ्या माणसांच्या समोरून आम्ही गेलो, आणि बाबांचा ढोल आता असा सैल, मोकळा वाजू लागला होता, की रफिकभाईंनी ऐकला असता तर त्यांनाही आवडला असता. गोल्फ क्लबच्या मैदानावर पोचलो तेव्हा मात्र भाषणं आटोपली होती, बक्षिसं वाटून झाली होती — पहिलं द्राक्षांच्या घडाला मिळालं होतं — आणि माणसं खुर्च्या एकावर एक रचत होती. बूथवर आलेल्या बाई धावत आल्या, त्यांना फार वाईट वाटलं. फीत पुन्हा बांधू या, असं त्या म्हणू लागल्या. आत्या म्हणाली, फीत राहू द्या, लिंबू सरबत उरलं असेल तर द्या. ते उरलं होतं. एवढं गोड, एवढं गार सरबत मी पुन्हा कधी प्यायले नाही.

मंचाच्या पायरीशी कॅलिपर घातलेली काही मुलं अजून गाडीची वाट पाहत बसली होती. सकाळपासून तिथंच बसवून ठेवलेली. त्यांतली एक मुलगी, माझ्याच वयाची, खुरडत जवळ आली आणि झुलीच्या आरशांवरून हात फिरवत विचारू लागली, की ही घोडी तिला चालवता येईल का. आत्यानं बाबांना खुणेनं बोलावून स्वतःला खुर्चीत बसवून घेतलं, आणि ती मुलगी तीनचाकीवर बसली. मैदानाला तिनं दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला तिनं आत्याचा फेटा मागून घेतला होता.

मग आम्ही मिसळ खायला गेलो. नवरदेव, वरमाय, बँडमास्तर आणि करवली, सगळे तशाच वेषात. तर्रीनं नाक वाहत होतं, आत्याच्या मिशा पार पुसल्या गेल्या होत्या, आणि आई इतकी हसत होती, की तिला दोनदा ठसका लागला.

मोबाइल आले आणि चारपाच वर्षांत बूथ बंद झाला. आत्यानं मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेतली, झेरॉक्सचं दुकान काढलं, नववीपासून सुटलेला अभ्यास बाहेरून परीक्षा देऊन पदवीपर्यंत नेला. कुठल्याही चढावर बाबांनी पुन्हा तिला न विचारता हात लावला नाही. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली; आईही राहिली नाही. आत्या मखमलाबाद रोडला तळमजल्यावरच्या स्वतःच्या घरात राहते, आणि मी माहेरी म्हणून जाते ती तिच्याकडेच.

गेल्या दिवाळीत तिच्याजवळ बसले असताना मी सहज विचारलं, की त्या दिवशी रविवार कारंजाच्या चढावर फार त्रास झाला असेल ना. ती लसूण सोलत होती.

"मला कसला त्रास? माझे हात होते की," ती म्हणाली. लसणाचा पुढचा गड्डा फोडला. "हात काढल्यावरही मागे ढोल वाजेना ना, तेव्हा मला कळलं, दादा रडतोय. वळून पाहिलं असतं, तर मी तिथंच थांबले असते. म्हणून नाही पाहिलं."

मला हे ठाऊक नव्हतं. आई हवालदारांपाशी होती. मी पुढे होते, सरळ बघून चालत. ते कुणीच पाहिलं नव्हतं. आत्यानं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या आणि अंधारून आलंय, दिवा लाव, म्हणाली. मी उठले.